सहावीच्या परीक्षेवरून पडलेलं सरकार

[दृश्य: पोर्ट लुई शहर, संसदेची जुनी इमारत]

नोव्हेंबर १९९५. मॉरिशसच्या संसदेत एक घटनादुरुस्ती मताला टाकली गेली आणि फेटाळली गेली. पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांनी संसद बरखास्त केली. २० डिसेंबरला निवडणूक झाली आणि मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांनी जिंकल्या. तेरा वर्षं पंतप्रधानपदी असलेल्या माणसाला स्वतःची जागाही राखता आली नाही.

आणि वाद कशाचा होता? अकरा वर्षांच्या मुलांच्या सहावीच्या परीक्षेचा. लोकांच्या नाराजीला इतरही कारणं होती, नाही असं नाही. पण ठिणगी पडली ती एकाच प्रश्नावरून: कोणत्या विषयाचे गुण धरायचे?

पोराबाळांच्या गुणांवरून देशाचं सरकार जातं, हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. मॉरिशसमधल्या माणसाला ते तसं वाटत नाही. या बेटावर शाळा आणि मतपेटी एकमेकींचा हात धरूनच वाढल्या आहेत.

[दृश्य: आप्रवासी घाट, म्हणजे मजूर जिथे उतरत ती पोर्ट लुईची जागा, दगडी पायऱ्या]

१८३४ पासून पुढच्या सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदुस्थानी मजूर करारावर या बेटावर आणले गेले. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली होती, पण उसाला माणसं हवी होती. बहुतेक जण बिहारकडचे, काही तमिळ, काही तेलुगू. मुंबई बंदरातून आलेल्यांत कोकणातली माणसंही होती. आजही मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, ती त्यांच्याच वंशजांमुळे.

करारात शाळेचा विषय नव्हता. मळेवाल्यांना हिशेब विचारणारा मजूर नको होता. त्यामुळे अक्षरओळख झाली ती गावातल्या बैठकांमध्ये. बैठका म्हणजे संध्याकाळी उसाचं काम आटोपल्यावर जमायची जागा. तिथेच रामायण, तिथेच पाटी, तिथेच भांडणांचा निवाडा.

या पाटीची खरी किंमत कळली १९४७ मध्ये. तोवर मताचा हक्क जमीनजुमला आणि उत्पन्न असलेल्यांपुरता होता. मतदार जेमतेम बारा हजार. नव्या राज्यघटनेने सांगितलं, की बेटावर बोलल्या जाणाऱ्या भाषांपैकी एका भाषेत साधं लिहिता-वाचता आलं तरी मत देता येईल. समाजसुधारक बासुदेव विष्णुदयाल आणि त्यांचे कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांना लिहायला शिकवू लागले. १९४८ च्या निवडणुकीत मतदार झाले सत्तर हजारांहून जास्त. निरक्षरांना बाहेर ठेवणारी अट होती ती, पण लोकांनी तिचीच साक्षरता मोहीम करून टाकली.

[दृश्य: उसाचे मळे, वाऱ्याने आडवी झालेली पिकं]

स्वातंत्र्य मिळायच्या आधीच या बेटाचं भविष्य वर्तवून झालं होतं. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्ये अहवाल दिला. हिवताप हटल्याने लोकसंख्या झपाट्याने वाढत होती, निर्यातीत साखरेशिवाय सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि १९६० च्या दोन चक्रीवादळांनी घरंदारं उद्ध्वस्त केली होती. शांततेत विकास होण्याची शक्यता मीडना फारशी दिसत नव्हती. याच मीडना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. आणि त्याच वर्षी मॉरिशसने असा एक निर्णय अमलात आणला, जो कुठल्याही काटकसरी अर्थतज्ज्ञाने गरीब देशाला सुचवला नसता.

त्या निर्णयापर्यंत बेट पोहोचलं रस्त्यावरून.

[दृश्य: ग्रँड रिव्हर नॉर्थ वेस्टचा पूल]

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. प्राथमिक शाळा मोफत होती. पुढचं शिक्षण, ज्याला मॉरिशसमध्ये ‘कॉलेज’ म्हणतात, म्हणजे आपलं माध्यमिक, त्याला मात्र फी लागे. सरकारी कॉलेजं मोजकी. बाकी मुलं खासगी कॉलेजांत, आणि त्यांतली बरीचशी कोंदट खोल्यांत कशीबशी चालवलेली. ज्या घरात फी एकाचीच परवडे, तिथे ती मुलाची भरली जाई. मुलगी घरी राही.

२० मे १९७५ ला हजारो विद्यार्थी वर्गांतून बाहेर पडले आणि पोर्ट लुईच्या दिशेने चालू लागले. शहराच्या वेशीवर, या पुलापाशी, पोलिसांनी त्यांना अडवलं. अश्रुधूर सुटला. मुलांची तक्रार फीपुरती नव्हती. चांगल्या आणि रद्दी शाळांतली दरी, वसाहतीच्या काळातला अभ्यासक्रम, केंब्रिजहून येणाऱ्या प्रश्नपत्रिका, सगळंच त्यांना खुपत होतं.

त्याच वर्षी मतदानाचं वय १८ वर आलं. म्हणजे पुलावर अडवलेली बरीच पोरं पुढच्या निवडणुकीत मतदार होणार होती. पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांना हे गणित समजावून सांगायची गरज नव्हती. मजुराच्या घरात जन्मलेले, लंडनला जाऊन डॉक्टर झालेले रामगुलाम शिक्षणाचं मोल जाणून होते, आणि मतांचंही. १९७६ च्या निवडणुकीआधी त्यांनी जाहीर केलं: जानेवारी १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत. तरीही सर्वाधिक जागा तरुणांच्या लाडक्या विरोधी पक्षाला, एमएमएमला मिळाल्या. ७० पैकी ३४. रामगुलाम दुसऱ्या पक्षाशी आघाडी करून जेमतेम सत्तेत राहिले. घोषणा मात्र त्यांनी पाळली.

कुणी म्हणेल, मतांसाठी केलं. असेल. मला त्यात कमीपणा वाटत नाही. लोकांच्या दबावाखाली केलेल्या गोष्टी सहसा मागे घेता येत नाहीत. ही सवलतही पुढच्या एकाही सरकारला काढून घेता आली नाही.

राबवण्याची पद्धत साधी होती. नव्या इमारती उभ्या राहीपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून सरकारने खासगी कॉलेजांना अनुदान दिलं आणि फी बंद केली. सगळ्यात मोठा फरक पडला मुलींना. एकदा फीच नाही म्हटल्यावर ‘कुणाला शिकवायचं’ हा घरातला प्रश्नच उरला नाही.

[दृश्य: कपड्याचा कारखाना, मग एबेन या संगणकनगरीतल्या काचेच्या इमारती]

यापुढची गोष्ट हल्ली फार सरळ करून सांगितली जाते: शिक्षण मोफत केलं आणि देश श्रीमंत झाला. तसं घडलं नाही. १९७० मध्ये निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा झाला. युरोपने साखरेला हमीभाव दिला, हाँगकाँगहून भांडवल आलं, आणि कपड्यांच्या कारखान्यांनी १९८० च्या दशकाअखेरीस बेकारी जवळजवळ संपवली. पण मशीनवर बसलेल्या बहुतेक बायका प्राथमिक शाळेपुरत्याच शिकलेल्या होत्या. मोफत कॉलेजाचं पीक त्यानंतर हाती आलं. बँका, वित्तसंस्था, संगणक कंपन्या आल्या, तेव्हा इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही सफाईने लिहिणारी माणसं बेटावर तयार होती.

[दृश्य: शाळेचं मैदान, गणवेशातली मुलं]

आता पुन्हा त्या सहावीकडे. फी गेली, तरी चांगल्या कॉलेजांच्या जागा थोड्याच राहिल्या. मग निवड करायची कशी? परीक्षेने. सीपीई नावाच्या या परीक्षेत मुलांचे क्रमांक लागत आणि वरच्यांना नावाजलेली कॉलेजं मिळत. वर्षानुवर्षं जवळजवळ एक तृतीयांश मुलं तिथेच गळत. फीची भिंत पडली आणि तिच्या जागी एक चाळण लागली. मोफत शाळेतलं मूल पैसे मोजून शिकवणीला जाऊ लागलं, तेही कोवळ्या वयात.

त्यात भाषेचा गुंता. बेटावरचं बहुतेक मूल घरी क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, बोलतं. पुस्तक इंग्रजीत, शिक्षकांचं बोलणं फ्रेंचमध्ये नाहीतर क्रिओलमध्ये, आणि पेपर पुन्हा इंग्रजीत. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी हे विषय शाळेत शिकवले जात, पण क्रमांक लावताना त्यांचे गुण धरत नसत. ते धरावेत, ही पूर्वजांची भाषा जपणाऱ्यांची मागणी होती. आफ्रिकी वंशाच्या क्रिओल समाजाचं म्हणणं होतं, की आमच्या मुलांना असा विषयच नाही, मग ती आणखी मागे पडतील. दोन्ही बाजूंचं दुखणं खरं होतं. गुलामांच्या वंशजांची भाषा तर तेव्हा शाळेत विषय म्हणूनही नव्हती. ती आली थेट २०१२ मध्ये, ऐच्छिक म्हणून.

१९९५ ची घटनादुरुस्ती हे गुण धरता यावेत म्हणूनच होती, आणि सरकार याच गुंत्यात अडकलं.

[दृश्य: विद्यार्थ्यांनी भरलेली बस]

त्यानंतरही दारं उघडत गेली. २००५ मध्ये सोळा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं झालं आणि विद्यार्थ्यांचा बसप्रवास मोफत झाला. २०१९ पासून सरकारी संस्थांमधलं पदवीचं शिक्षणही मोफत झालं. सीपीई रद्द करून नऊ वर्षांचं सलग शिक्षण आणलं गेलं, आणि काही नामांकित कॉलेजांच्या ‘अकॅडमी’ झाल्या. त्यांत प्रवेश ठरला नववीच्या राष्ट्रीय परीक्षेनंतर, गुणांवर. अकराव्या वर्षीची चाळण तेव्हा पंधराव्या वर्षावर गेली, आणि शिकवण्यांनी आपलं वेळापत्रक त्याप्रमाणे बदलून घेतलं.