मामाकडची पिवळी

(दृश्य : काळोख. आधी नुसता आवाज.)

खट्... खट्. मग शांतता. पुन्हा खट्.

दोन ठोक्यांमधल्या शांततेकडे लक्ष द्या. तेवढ्या वेळात विणणारा धागे मोजतोय.

(दृश्य : दिवा लागतो. खड्डामाग. पावड्यांवरचे पाय.)

नाशिक जिल्ह्यातलं येवला. दोन खोल्यांचं घर, त्यातली पुढची खोली निम्मी मागाने घेतलेली. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, पायाखाली पावड्या. मागावर मामा बसलेत. वैशाखात त्यांच्या भाचीचं लग्न आहे. लग्नात वधूला पिवळी साडी मामाकडून यायची, ही आपल्याकडची रीत. एरवी मामा ती दुकानातून आणतो. हे मामा दिवाळी झाली तशी मागावर बसले.

तीस वर्षांत त्यांनी विणलेली प्रत्येक पैठणी घडी मोडायच्या आत व्यापाऱ्याकडे गेली. नात्यात जाणारी ही पहिलीच.

(दृश्य : रेशमाच्या लडी. असारी, म्हणजे लडी चढवायची चौकट, फिरते.)

पैठणीच्या जुन्या रंगांना त्यांची त्यांची नावं आहेत. काळी ती चंद्रकला. पोपटी तो राघू. पांढरा तो शिरोदक. आणि हा पिवळा, पोफळी. रेशीम कर्नाटकातलं, जर सुरतेची. असारीपाशी मामी बसल्यात. लडीतला धागा सोडवून त्या कांडीवर, म्हणजे छोट्या रिळावर, घेतात. रेशमाचा धागा तुटला की कानाला ऐकू येत नाही, तो बोटाला कळतो. मामींचं बोट बघा. धागा अंगठ्याजवळून नुसता निसटतोय, त्या बोलतायत आमच्याशी, आणि मध्येच रहाट थांबवतात. तुटलाय. टोकं जुळवून पीळ दिला, रहाट पुन्हा सुरू.

विणकर म्हटलं की माणूस मागावर बसलेला डोळ्यांपुढे येतो. कांड्या भरल्याशिवाय तो बसणार कशावर?

(दृश्य : ताणा जोडणं. अगदी जवळून.)

ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे. जुन्या साडीच्या ताण्याची शेंडी मागावर मुद्दाम राखलेली असते. तिच्या एकेका धाग्याला नव्या ताण्याचा एकेक धागा जोडायचा. बोटांना चिमूटभर राख, दोन टोकं एकत्र, एक पीळ. गाठ नाही, कारण ज्या फणीच्या दातांतून ताणा जातो, तिच्यातून गाठ जात नाही. असे हजारो धागे. मधले सगळे पिवळे, दोन्ही कडांना हिरवे, कारण काठ हिरवा हवाय. या कामाला मामांना चार दिवस लागले. चारही दिवस आम्ही तिथे होतो आणि त्यांनी मान फक्त चहाला वर केली.

(दृश्य : तीन धोटे.)

आता अंग विणायचं. आडवा धागा नेतो तो धोटा. साध्या साडीला एक पुरतो. इथे तीन आहेत. डाव्या काठाचा एक, अंगाचा एक, उजव्या काठाचा एक. जिथे पिवळं संपून काठ सुरू होतो, तिथे दोन धोट्यांचे धागे एकमेकांत अडकवले जातात आणि आपापल्या बाजूला परत फिरतात. प्रत्येक ओळीत, दोन्हीकडे. याला कडियाल म्हणतात. काठ वरून शिवलेला नसतो आणि छापलेला तर नसतोच. तो अंगाच्या हातात हात घालून वाढतो.

(दृश्य : पैठण. गोदावरीचा घाट, सकाळ.)

ज्या गावाने या वस्त्राला नाव दिलं, ते हे पैठण. जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने दख्खनच्या पेठांची नोंद करून ठेवलीय. तिच्यात पैठण आहे आणि तगर, म्हणजे आपलं तेर, हेही आहे. नीट रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्या भरून माल भडोच बंदरावर जायचा, असं तो लिहितो. तगरच्या मालात कापड होतं. म्हणजे या काळ्या मातीतून कापडाच्या गाड्या निघत होत्या, त्याला दोन हजार वर्षं होत आली. पुढे यादवांचं राज्य आलं, मोगल आले, पेशवाई आली. राजे बदलले तरी या पदराला गिऱ्हाईक राहिलं.

सतराव्या शतकात रघोजी नाईकांनी येवल्याला पेठ वसवली, विणकरांना घरं दिली. आज पैठणी म्हटलं की लोक येवल्याची वाट धरतात, ती तेव्हापासूनची.

(दृश्य : पदर. लोंबकळणाऱ्या तिल्ल्या.)

आणि आता पदर. आमच्या चित्रीकरणाचे सगळ्यात जास्त दिवस इथे गेले.

पदरात ताणा पिवळाच, पण आडवा धागा जरीचा. पिवळ्या रेशमावर जर बसली की ऊन पडल्यासारखी दिसते. त्या जरीत रंग भरायचे. बांगडी मोर, म्हणजे बांगडीच्या गोलात बसवलेला मोर. त्याच्या भोवती वेल, कडेला मुनिया पक्षी. प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली काडी, वेगळी. मोराच्या मानेचा निळा आपल्या वाटणीच्या सात-आठ धाग्यांपुरताच जातो, शेजारच्या जरीत अडकतो आणि मागे वळतो. मग चोचीचा लाल. मग पुन्हा जर. एका ओळीत साठच्या वर तिल्ल्या फिरल्या की फणी एकदा ठोकायची. तो मघाचा खट्.

इथे मामी मागावर येतात. डावीकडून त्या, उजवीकडून मामा. बोलणं नाही. मधल्या मोरापाशी दोघांचे हात भेटतात. दिवसभर बसून कापड दोन बोटं पुढे सरकतं.

(दृश्य : कॅमेऱ्याच्या पडद्यात बघणारे मामा.)

एका संध्याकाळी आम्ही त्यांना त्यांचाच मोर मोठा करून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चोच बघा. एक धागा पुढे गेलीय."

आम्हाला दिसेना. मामींना दिसली.

"उसवा," त्या म्हणाल्या.

(दृश्य : उसवणं. निवेदन नाही.)

(दृश्य : पदराची उलटी बाजू.)

ही मागची बाजू. नीट बघा. एकही लोंबता धागा नाही. मोर इथेही मोरच आहे, फक्त तोंड दुसरीकडे. धागा आपल्या हद्दीतून परत फिरतो, मागून लांब उडी मारत नाही, म्हणून हे होतं. पैठणी घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराने समोर पसरलेला पदर आधी उलटा करा. मागे धाग्यांचं जाळं दिसलं, कापून टाकलेली टोकं दिसली, तर ती यंत्रावरची आहे. ती स्वस्त आहे, सुंदरही असेल. तिला पैठणी म्हणू नका एवढंच आमचं मागणं आहे. त्या नकलेच्या भावाने या खोलीतली मजुरी ठरते. मामांचा मुलगा माग शिकला नाही, तो नाशिकला कारखान्यात आहे.

(दृश्य : साडी मागावरून उतरते.)

लग्नाला अकरा दिवस राहिले होते. मामांनी कात्री मामींच्या हातात दिली.

(दृश्य : मांडव. सनई. भाची पिवळ्या पैठणीत.)

अंतरपाट धरलाय. वधूच्या मागे मामा उभा राहतो, हीसुद्धा रीतच. मामांच्या अंगावर नवा सदरा, डोक्याला फेटा, आणि समोर दोन हातांवर तो पदर.

पहिल्या रांगेतल्या एक आजी उठून आल्या. नात्यातल्या असाव्यात. त्यांनी कुणाला विचारलं नाही. नवरीच्या खांद्यावरून पदराचं टोक उचललं, उलटं केलं आणि चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ नेलं. मग सावकाश पुन्हा होता तसा ठेवला आणि मामांकडे बघितलं.

(दृश्य : मामांचा चेहरा. मंगलाष्टकं चालू राहतात.)

(दृश्य : येवला. रिकामा माग. पिवळ्या ताण्याची राखलेली शेंडी. मामी बोटांना राख लावतात. आता जोडायचा रंग जांभळा आहे.)