लाल माणूस घालवायचे दोन उपाय

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय, ‘प्रकल्प-सॉफ्टवेअरद्वारे व्यक्ती व गटाच्या कार्यभाराचे नियोजन’. एवढं वाचूनही आपण आलात, म्हणजे एकतर आमच्याच धंद्यातले, नाहीतर पुढच्या गाण्यासाठी जागा धरून बसलेले. (हशा)

आधी एक जुनी गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिथले आमचे साहेब आज पहिल्या रांगेत आहेत. आम्ही मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टवर प्लॅन करायचो. टीम 7 जणांची, पण टेस्टिंग सगळं एकाच मुलीवर. सोमवारी प्लॅन उघडला, तर तिच्या दोन्ही कामांपुढे लाल माणूस. वापरणाऱ्यांना ठाऊक आहे, झेपेल त्याहून जास्त काम पडलं की हे चित्र उमटतं. एकाच आठवड्यात दोन कामं, दोन्हींवर ती 100-100 टक्के. 40 तासांच्या आठवड्यात 80 तास! मी म्हटलं, लेव्हलिंग करतो. एक काम मागे सरकेल, तारीख आठवडाभर पुढे जाईल. साहेब म्हणाले, “तारखेला हात लावू नकोस. ते लाल तेवढं घालव.”

घालवलं की! रिसोर्स शीटवर, म्हणजे माणसांच्या यादीत, ‘मॅक्स युनिट्स’ नावाचा रकाना असतो; माणूस जास्तीत जास्त किती टक्के वेळ देऊ शकतो, ते तिथे लिहायचं. तिच्या नावापुढे 100 टक्के होतं, तिथे 200 टाइप केलं. एंटर. लाल गायब. पोरगी तीच, पण सॉफ्टवेअरच्या लेखी आता दोघीजणी. पगार मात्र एकीचाच. (हशा)

त्यात तो आठवडा विसर्जनाचा. सॉफ्टवेअरचं मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, 8 ते 5, मधे तासभर जेवण. सुट्ट्या आपण भरायच्या असतात, आम्ही विसरलो. म्हणजे अनंत चतुर्दशीला प्लॅनप्रमाणे ती 16 तास टेस्टिंग करत होती, आणि प्रत्यक्षात टिळक चौकात कमरेला ढोल बांधून उभी होती. काम तीन आठवडे लांबलं. ‘टेस्टिंगमुळे उशीर’ असं अहवालात गेलं, याचा राग मला अजून आहे.

जाता जाता, कामांची नोंद ठेवायचं आमचं दुसरं सॉफ्टवेअर म्हणजे ‘जिरा’. हे नाव गॉडझिलाच्या जपानी नावावरून, ‘गोजिरा’वरून आलंय. मला इतकी वर्षं वाटायचं, आपली जिरवतं म्हणून जिरा. (हशा)

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. बरं, मूळ मुद्दा पटकन.

200 तर सोडाच, 100 टक्के भरणंसुद्धा चूक. कामं केव्हाही येतात, लहानमोठी असतात. रांगेच्या गणितातलं अगदी साधं मॉडेल घ्या: माणूस 80 टक्के गुंतलेला असेल, तर नव्या कामाला सरासरी एका कामाच्या चौपट वेळ नुसतं थांबावं लागतं. 90 ला नऊपट, 95 ला एकोणीसपट. 100 ला रांग वाढतच जाते.

दुसरं, टीमची बेरीज बघू नका. आमच्या 7 जणांचे आठवड्याचे 280 तास होते, पैकी कितीतरी मोकळे दिसत होते. पण टेस्टिंगचे फक्त 40. म्हणून कामाच्या प्रकारानुसार तास मोजा. जिराच्या बोर्डवर एका रकान्यात एकावेळी किती कामं असावीत याला मर्यादा घालता येते, ती घाला. आणि मॅक्स युनिट्समध्ये 70-80 लिहा, मीटिंगा आणि फोन वजा करून उरतं तेवढंच.

साहेब, उठलात का? बसा हो, नाव कुठे घेतलंय अजून!