वटवाघळांची गाडी तासगावात आली तर

श्रोतेहो, नमस्कार.

वस्तुसंग्रहालय बघायला आपणच जायचं असतं, ते काही आपल्या दारात येत नाही, अशी आपली समजूत. पण कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयानं १९६५ सालीच विज्ञानाची बस खेड्यापाड्यांतून फिरवायला सुरुवात केली होती. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बसही २०१५ पासून गावोगाव जाते. परदेशात तर एकट्या वटवाघळावर फिरती प्रदर्शनं निघतात आणि खोक्यांत भरून या शहरातून त्या शहरात जातात. तसं एखादं प्रदर्शन आपल्या सांगली जिल्ह्यात आणायचं झालं, तर त्यात काय काय असावं, याबद्दल आज बोलतो.

माझी अट एकच. ते प्रदर्शन तासगावच्या द्राक्षबागायतदारासमोर मांडता आलं पाहिजे. शाळेतल्या पोरांना वटवाघूळ आवडायला वेळ लागत नाही. ज्याच्या बागेत ती रात्री उतरतात, त्याच्यापुढे वटवाघळाची बाजू मांडायची म्हणजे काम आहे.

सुरुवातीला सांगाडा ठेवावा, आणि शेजारी माणसाच्या हाताची हाडं. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच. चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली, त्यांवर कातडीचा पडदा, आणि अंगठा मात्र मोकळा, नखासकट. खरोखर उडणारा सस्तन प्राणी जगात हा एकच, आणि त्याच्या जाती १४०० च्या वर. पायांचीही गंमत आहे. उलटं लटकलं की अंगाच्या वजनानंच पायाच्या शिरा ताणून अडकतात, धरून ठेवायला ताकद लागत नाही. मेल्यावरही ते लटकलेलं राहू शकतं. विजेच्या तारांवर वाळून गेलेली वटवाघळं आपण पाहतो. त्यांचे लांब पंख दोन तारांना एकदम टेकतात आणि जीव जातो.

आता आवाजाचं दालन. रेडिओवरून बोलतोय, तेव्हा इथे जरा रेंगाळणारच. बॅट डिटेक्टर नावाचं हातात मावणारं यंत्र मिळतं. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तोही तरुणपणी. आपल्या पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी छोटी वटवाघळं, त्याच्या वर ओरडतात, पुष्कळदा ४०-५० च्या आसपास. यंत्राची चकती फिरवून वारंवारता जुळवायची. यंत्र स्वतः तयार केलेली एक लहर तिच्यात मिसळतं आणि दोन्हींमधल्या फरकाचा आवाज आपल्याला ऐकवतं. तुम्ही आत्ता ज्या रेडिओवर मला ऐकताय, त्याच्या पोटातही स्टेशन लावताना हीच मिसळण्याची युक्ती चालते. फक्त तिथे विद्युतचुंबकीय लहरी, इथे हवेतला आवाज. पाकोळी नुसती उडत असली की यंत्रातून टिक टिक येते. किडा टप्प्यात आला की टिकटिक घाईला येते आणि शेवटी नुसती टर्रर्र. किडा गेला पोटात!

हे यंत्र काचेच्या कपाटात ठेवू नये. दिवस मावळताना लोकांना कृष्णेच्या घाटावर, आयर्विन पुलाच्या बाजूला घेऊन जावं आणि यंत्र त्यांच्या हातात द्यावं.

आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वटवाघूळ अंधारात वाट काढतं, या शोधाची कथाही सांगावी. इटलीतल्या स्पालान्झानी या शास्त्रज्ञानं १७९३ मध्ये पाहिलं की मेणबत्ती विझल्यावर घुबड भिंतीवर आपटतं, वटवाघूळ मात्र खुशाल फिरतं. डोळे गेलेलं वटवाघूळही तसंच फिरतं. जिनिव्हाच्या ज्युरीननं कान बुजवून बघितले, तर ती धडाधड आपटायला लागली. त्या काळी लोकांनी हे हसण्यावारी नेलं. पुढे १९३८ मध्ये हार्वर्डमधल्या डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्यानं, पिअर्स या प्राध्यापकानं बनवलेल्या यंत्रासमोर वटवाघळं धरली, तेव्हा कुठे तो आवाज सापडला. जवळजवळ दीडशे वर्षं गेली मध्ये. आणि हो, वडा-पिंपळावर दिवसभर कलकलाट करणारी मोठी वटवाघळं हे तंत्र वापरतच नाहीत. ती डोळ्यांनी बघतात, आणि चांगली बघतात. वटवाघूळ आंधळं, ही अफवाच.

आता बागायतदाराकडे येऊ. वटवाघूळ द्राक्ष खात नाही असं प्रदर्शनात लिहिलं, तर तो बाहेर पडेल आणि पुन्हा येणार नाही. खातं. घडातले चार मणी फोडले की रस गळतो, शेजारचे मणी सडतात आणि निर्यातीचा अख्खा घड बाद होतो. तेव्हा फाटलेला घड तिथे ठेवायलाच हवा. त्याच्याच बाजूला मोहाची आणि टेटूची फुलं ठेवावीत. रात्री उमलणाऱ्या या फुलांचं परागीभवन हीच फळखाऊ मंडळी करतात. उंबर, वड, जांभूळ यांच्या बिया दूरवर तीच टाकतात. पाकोळ्या तर द्राक्षाकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्या पतंग आणि भुंगेरे खातात. दोघींना एकाच शिक्षेत बसवू नये, एवढं बागायतदाराला पटायला हरकत नाही.

आणि जाळी. प्रदर्शनात दोन जाळ्यांचे तुकडे हात लावून बघायला ठेवावेत. सैल आणि मोठ्या छिद्रांच्या जाळीत वटवाघळाचं बोट अडकतं, ते रात्रभर धडपडून मरतं, जाळीही फाटते. बारीक छिद्रांची, ताणून बांधलेली जाळी माल वाचवते आणि प्राणीही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात घरगुती फळझाडांच्या जाळीचं छिद्र, जाळी पूर्ण ताणल्यावर, ५ मिलिमीटर किंवा त्याहून लहान असावं असा नियमच आहे. तपासायचं कसं? छिद्रातून करंगळी गेली, तर ती जाळी नको.

कायद्याचा फलक छोटाच पुरे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं कावळ्या-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. नागाला आपल्याकडे निदान नागपंचमी तरी आहे, वटवाघळाच्या वाट्याला पन्नास वर्षांत हेच काय ते आलं.

वटवाघळांत सापडणाऱ्या निपाह विषाणूचा विषय टाळू नये. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनं मार्च २०२० मध्ये शेजारच्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले. त्यांत निपाहच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या आणि २०२१ मध्ये ते जाहीर झालं. तोवर महाराष्ट्रात माणसांत निपाहचा एकही उद्रेक झालेला नव्हता. यावरून झाडं तोडायची, गुहेत धूर करायचा, हे उलट घातक. हुसकावलेली वटवाघळं वस्तीतच शिरतात. करायचं ते इतकंच, की गुहेत त्यांना छेडायला जायचं नाही, आणि देशी बदामाखाली पडलेली, दात लागलेली फळं मुलांना उचलून खाऊ द्यायची नाहीत.

शेवटच्या टेबलावर माणूस बसवावा, कारण लोक एकच प्रश्न विचारणार आहेत: घरात शिरलं तर काय करायचं? झाडू उचलायचा नाही. पंखा बंद करा, खोलीतला दिवा मालवा, खिडक्या सताड उघडा आणि दार लावून घ्या. बहुधा ते थोड्या वेळात आपणच बाहेर जातं. जमिनीवर पडलेलं असलं तर उघड्या हातानं उचलू नका. चावलं किंवा ओरखडा निघाला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

नमस्कार.