टेस्टरातला निऑन

(फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पावसाचे दिवस आहेत. वीज आहे तोवर एक वस्तू दाखवून घेतो. हा टेस्टर. मागच्या रांगेतल्या वायरमनदादांच्या खिशातून आत्ताच मागून घेतलाय. प्लगात टोक घातलं, मागच्या टोपीवर बोट ठेवलं, की आत हा नारिंगी ठिपका पेटला. हा निऑन. इवल्याशा काचेच्या नळीत दोन तारा आणि अगदी विरळ भरलेला वायू. शेजारी मोठा रोध बसवलेला असतो, म्हणून माझ्या अंगातून जाणारा प्रवाह मला कळतसुद्धा नाही. (मुलांनो, घरी करायचं नाही. हे दादांचं काम.)

ठिपका पेटतो कसा? धावते इलेक्ट्रॉन निऑनच्या अणूंवर आदळतात. अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि उतरताना मिळालेली ऊर्जा उजेड म्हणून टाकून देतो. पायऱ्या ठरलेल्या, म्हणून रंगही ठरलेले. यात काहीच जळत नाही, म्हणून वायू सरत नाही.

निऑनच्या बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन. घर भरलेलं, त्यामुळे कुणाशी देणं नाही, घेणं नाही. पुस्तकात अशा वायूंना राजवायू म्हणतात. पण ज्याची कुणाशी सोयरीकच होत नाही, तो आहे हे कळायचं कसं? रसायनशास्त्राची सारी ओळखपरेड कोण कुणाशी संयोग पावतो यावर चालायची. ऑरगॉन आपल्या हवेत शंभरात जवळजवळ एक भाग आहे, तरी १८९४ पर्यंत कुणाच्या लक्षात आला नाही. हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा अर्ध्या टक्क्यानं जड भरतो, एवढ्या फरकावर इंग्लंडचे शास्त्रज्ञ रॅले अडून बसले, तेव्हा तो सापडला. आज वास्कोतल्या वेल्डरला त्याचं काही कौतुक नाही. तो सरळ ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतो.

आता थोडं शेजारचं. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि सांगतात, १८६८ साली लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं इथूनच हेलियम, म्हणजे याच कुळातला आणखी एक राजवायू, शोधला. ऐकायला मलाही आवडतं, पण हिशेब जुळत नाही. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण फ्रान्सच्या जान्सेननी गुंटूरहून पाहिलं. लॉकियर तेव्हा इंग्लंडात. ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, त्यांनी तिथूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट, म्हणजे उजेडातले रंग सुटे करून, पाहिला. त्यात एक पिवळी रेघ होती, सोडियमच्या रेघांच्या जवळची, पण सोडियमची नव्हे. तीच हेलियमची. विजयदुर्गावर लॉकियर आले खरे, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींना युरेनियमच्या खनिजात हेलियम सापडून तीन वर्षं होत आली होती! ओटे खरे, साहेबही खरा, सालाची मात्र गल्लत.

त्याच १८९८ च्या जूनमध्ये लंडनला रॅम्झी आणि त्यांचे सहकारी ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप केलेल्या ऑरगॉनमधून आधी उडणारा हलका भाग वेगळा धरला, नळीत भरला, वीज सोडली. नळी लालभडक झाली. इतका लाल उजेड देणारा वायू कुणाच्या ओळखीचा नव्हता. रॅम्झींच्या तेरा वर्षांच्या मुलानं लॅटिनमधलं ‘नोव्हम’, म्हणजे नवा, असं नाव सुचवलं. बापानं त्याचं ग्रीक रूप घेतलं, निऑन. हवेच्या दहा लाख भागांत हा जेमतेम अठरा भाग, आणि उणे २४६ अंश सेल्सिअसला उकळतो. क्रिप्टॉन आणि झेनॉन त्याच उन्हाळ्यात आगेमागे सापडले. पुढे १९६२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ बार्टलेटनी झेनॉनचं संयुग करून दाखवलं आणि सोवळं मोडलं. निऑनचं स्थिर संयुग मात्र अजून कुणाला करता आलेलं नाही.

एका मुलीनं विचारलंय, मांडवीतल्या कॅसिनोंवरचे निळे, हिरवे दिवेही निऑनच का? नाही गो. आजकालची असली रोषणाई बहुतेक एलईडीची. जॉर्ज क्लोद या फ्रेंच संशोधकानं १९१० मध्ये पॅरिसला निऑनच्या नळ्या पेटवून दाखवल्या, ते नाव सगळ्यांना चिकटलं. जुन्या पाट्यांतही निळ्या नळीत ऑरगॉन आणि पारा असायचा.

खरा निऑन बघायचा तर घरातला जुना स्विचबोर्ड बघ. त्यावरचा नारिंगी इंडिकेटर. रात्री खोलीत अंधार कर, लांब उभी राहा आणि जुनी सीडी तिरकी धरून तिच्यात त्याचं प्रतिबिंब शोध. एलईडीचा रंग पसरट दिसेल. याचे तांबडे, नारिंगी, पिवळे ठिपके सुटे सुटे दिसतील. किती मोजलेस ते पुढच्या रविवारी सांग.