पंखे बंद करून ऐकायचं वाद्य

मंडळी, सभागृहातले पंखे मीच बंद करायला लावले. उकडेल थोडं, पण समोरचं हे वाद्य पंख्याच्या घरघरीत ऐकूच येत नाही. माइक मुद्दामच लावलेला नाही. पाच मिनिटं द्या, तुमचे कान आपोआप या आवाजाला लागतील.

हे क्लॅव्हिकॉर्ड. दिसायला लांबट लाकडी पेटी, आत तारा आणि पुढे पियानोसारख्या पट्ट्या. पट्टीच्या पलीकडच्या टोकाला पितळेची चपटी पाती उभी बसवलेली असते. पट्टी दाबली की ही पाती खालून तारेला भिडते आणि तिथेच टेकून राहते. सगळी गंमत या टेकून राहण्यात आहे. पियानोचा हातोडा तारेवर आपटून मागे येतो. मग पट्टी कितीही दाबा, सुरात फरक पडत नाही. इथे बोटाचा आणि तारेचा संबंध पट्टी सोडेपर्यंत सुटत नाही. किंचित जास्त दाब दिला की तार ताणली जाते, सूर चढतो. दाब हलकेच कमीजास्त करत राहिलात की आंदोलन, म्हणजे सुराचं हलकं झुलणं, मिळतं. जर्मन वादक त्याला बेबुंग म्हणत. हार्मोनियमवर आंदोलन घेता येत नाही म्हणून आपण पिढ्यान् पिढ्या हळहळत आलो. पट्ट्यांच्या वाद्यावर ते मिळतं हे पहिल्यांदा बोटाला कळलं, तेव्हा मी कितीतरी वेळ एकच पट्टी दाबत बसले होते.

पण तीच तार शिक्षाही करते. पियानोच्या सवयीने जोर लावलात की सूर बेसूर झालाच. म्हणून कार्ल फिलिप इमान्युएल बाख, म्हणजे थोर जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांचा मुलगा, १७५३ सालच्या आपल्या वादनग्रंथात म्हणतो की वादकाची नेमकी पारख क्लॅव्हिकॉर्डवरच होते. १७७२ मध्ये चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीत-इतिहासकार हॅम्बुर्गला त्याच्या घरी गेला. बाख रात्री अकराच्या सुमारापर्यंत वाजवत होता. नजर खिळलेली, खालचा ओठ सुटलेला, चेहऱ्यावर घाम. संथ लयीत लांब सूर आला की वाद्यातून दुःखाचा हुंकार उमटे, असं बर्नीने लिहून ठेवलं आहे.

मी शिकले ते वाद्य याहून लहान होतं. त्यात शेजारच्या दोन पट्ट्या एकाच तारजोडीवर चालत. पांढरी एक आणि काळी एक, दोघींची तार तीच, फक्त पात्या वेगवेगळ्या जागी लागणार. काळी एकवरून पांढरी एकवर उतरताना वरचं बोट क्षणभर जरी रेंगाळलं, तरी खालचा सूर निघतच नाही, नुसती टक् ऐकू येते. आणि घाईने आधीच उचललं तर मध्ये भोक पडतं. कित्येक महिने मी हेच दोन सूर घोटत होते. जुन्या रचनांमधल्या सुरांची वाक्यं कुठे जोडायची आणि कुठे तोडायची, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या तारेने जास्त शिकवलं. जुनं संगीत जुन्या वाद्यांवर वाजवावं असं मी आग्रहाने सांगते ते याच कारणासाठी. त्या काळी नेमका कसा आवाज येत असेल, हे कुतूहल मलाही आहे, पण ते नंतरचं.

पियानोपुढे हे वाद्य मागे पडलं. अर्नोल्ड डोल्मेच या वाद्यकारांनी १८९४ पासून इंग्लंडमध्ये ही वाद्यं पुन्हा घडवायला घेतली, म्हणून आज माझ्यासारखीला एक मिळू शकतं.

आता शेवटची रचना. याच कार्ल फिलिप बाखकडे गोटफ्रीड सिल्बरमान या जर्मन वाद्यकाराने घडवलेलं क्लॅव्हिकॉर्ड होतं, त्याचं अतिशय लाडकं. १७८१ मध्ये त्याने ते ग्रोटहुस नावाच्या बॅरनला, म्हणजे एका उमरावाला, दिलं आणि सोबत निरोपाचा एक रोन्दो, म्हणजे मूळ धून फिरून फिरून येते अशी रचना, लिहून पाठवला, ई मायनर या स्वरश्रेणीत. हा रोन्दो दुसऱ्या कुठल्याच क्लॅव्हिकॉर्डवर नीट वाजणार नाही, असंही त्याने बॅरनला कळवलं. ग्रोटहुसने उत्तरादाखल वाद्य मिळाल्याच्या आनंदाची रचना केली.

माझं वाद्य सिल्बरमानचं नाही. तरीही वाजवते. स्वरलिपीत काही लांब सुरांवर कमान आणि तिच्याखाली टिंबं आहेत, ती बेबुंगची खूण. तिथे माझ्या बोटाकडे बघा. पट्टी खालीच असेल आणि सूर हलत असेल.