कोराडीचा धूर, दक्षिणेचं पाणी

(दृश्य: मे महिन्यातली दुपार, कोराडी वीजकेंद्राच्या चिमण्या)

नागपुरातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी या चिमण्यांतून निघणाऱ्या कार्बनची गोष्ट समुद्राशिवाय पुरी होत नाही, आणि तीही बर्फाळ समुद्राशिवाय.

इथं जळणारा कोळसा म्हणजे 25 कोटी वर्षांहून जुनं जंगल. भारत आणि अंटार्क्टिका तेव्हा एकाच भूखंडात होते, गोंडवनात. त्या जंगलाची ओळख म्हणजे ग्लॉसॉप्टेरिस, जिभेच्या आकाराच्या पानांचं झाड. हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी कामठीकडच्या सिलेवाड्यात, दगडांत उमटलेली अशी पानं गोळा केली. नागपूरच्या या जीवाश्मांचं वर्णन 1861 मध्ये लंडनला छापून आलं. पुढे फेब्रुवारी 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश शोधप्रवासी कॅप्टन स्कॉटच्या तुकडीनं बियर्डमोर हिमनदीजवळ दगड उचलले. माणसं वाटेतच गेली, पण ते सुमारे 16 किलो ओझं त्यांनी शेवटपर्यंत टाकलं नव्हतं. त्या दगडांतही ग्लॉसॉप्टेरिसच निघाला.

(दृश्य: हिमनग, करडं पाणी)

आज माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र घेतात. त्या पाव हिश्शातला सुमारे 40 टक्के दक्षिण महासागर, म्हणजे अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र, एकटा घेतो.

पहिलं कारण थंडी. सीताबर्डीवर उन्हात तापलेली सोड्याची बाटली फोडली की अर्धा सोडा फेस होऊन अंगावर येतो. बर्फातल्या बाटलीत गॅस टिकून राहतो. शून्य अंशाच्या पाण्यात 20 अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट कार्बन डायऑक्साइड विरघळतो. शिवाय समुद्राचं पाणी गोठताना मीठ बाहेर टाकतं. बर्फाखाली उरतं ते जास्त खारट, जास्त जड पाणी. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत ते उतारावरून थेट खोल तळाकडे घसरतं आणि विरघळलेला कार्बन सोबत नेतं.

हे झालं नुसतं रसायन. खरी गंमत सजीवांची आहे.

(दृश्य: उलटलेला बर्फाचा तुकडा, खालची बाजू तपकिरी)

हा मळ नाही. समुद्री बर्फात खाऱ्या पाण्याच्या बारीक नळ्या असतात आणि त्यांत डायटम नावाची एकपेशीय शैवालं राहतात. वसंतात ऊन आलं की ती वाढतात. बर्फ वितळल्यावर उघड्या पाण्यातही शैवालाचा बहर येतो. शैवाल कार्बन घेतं, क्रिल शैवाल खातो. क्रिल म्हणजे बोटभर लांबीचा, कोळंबीसारखा जीव. त्याचे थवे अफाट असतात. त्याची विष्ठा घट्ट आणि जड, दिवसाला शेकडो मीटर खाली जाते. कार्बन खोलवर पोचवण्यात या विष्ठेचा वाटा मोठा आहे. ऐकायला कसंही वाटो.

पण बुडालं म्हणजे साठलं, असं नाही. खाली जाणाऱ्या कणांवर वाटेतच जीवाणू ताव मारतात आणि बहुतेक सेंद्रिय पदार्थांचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो. खोल समुद्राच्या तळाला पृष्ठभागावरच्या उत्पादनातला जेमतेम एक टक्का पोचतो. म्हणून प्रश्न खोलीचा. दोनशे मीटरवर मोकळा झालेला कार्बन लवकर वर येतो. दोन-तीन हजार मीटरवर मोकळा झालेला शतकानुशतकं तिथंच राहतो.

मग शैवालच वाढवलं तर? दक्षिण महासागरात खतं भरपूर आहेत, कमी आहे ते लोह. 2009 च्या सुरुवातीला गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी 'पोलरस्टर्न' जहाजावरून 300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह मिसळलं. प्रयोगाचं नाव लोहाफेक्स. नेतृत्व वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक यांचं. शैवाल वाढलं, पण डायटम नाही. त्यांच्या काचेसारख्या कवचाला लागणारं सिलिका आधीच्या बहरांनी संपवून टाकलं होतं. जे मऊ शैवाल आलं ते कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या जीवांनी फस्त केलं आणि कोपेपॉडना त्यांच्याहून मोठ्या अँफिपॉड नावाच्या जीवांनी गाठलं. खाली कार्बन गेला तो अगदी थोडा. माझ्या मते, लोह ओतून हवामान सुधारू म्हणणाऱ्या प्रत्येकाला आधी हा निकाल वाचायला द्यावा.

(दृश्य: सायबेरियातली नदी, मग आर्क्टिक समुद्र)

उत्तरेकडे चित्र वेगळं. आर्क्टिक महासागरात जगातल्या समुद्राच्या पाण्याचा एक टक्काच, पण नद्यांच्या पाण्याचा दहावा हिस्सा तिथं येतो. ओब, येनिसेई, लेना या नद्या चहासारखं गढूळ पाणी आणतात. त्यात वर्षानुवर्षं गोठलेल्या आणि आता वितळणाऱ्या जमिनीतला हजारो वर्षांचा पालापाचोळा विरघळलेला असतो. आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या कोंग्सफ्योर्ड या खाडीत 2014 पासून भारताची 'इंडआर्क' ही यंत्रणा पाण्याखाली मोजमाप करते आहे.

दक्षिणेत हिशेब अजून भांडणात अडकलाय. तिथं कार्बनानं भरलेलं जुनं खोल पाणी वरही येतं. 2018 मध्ये तरंगत्या स्वयंचलित यंत्रांच्या नोंदींवरून संशोधकांनी सांगितलं की, हिवाळ्यात हा महासागर वाटलं होतं त्यापेक्षा बराच जास्त कार्बन हवेत सोडतो. 2021 मध्ये विमानांतून घेतलेल्या हवेच्या नोंदींनी उलटी साक्ष दिली: तो मोठ्या प्रमाणावर कार्बन घेतोच आहे. हिवाळ्यात तिथं जहाजं क्वचितच जातात, त्यामुळे दोन्ही बाजूंना सर्वांत जास्त उणीव भासते ती त्याच महिन्यांतल्या मोजमापांची.