पावडर टाकण्याआधी

नमस्कार. माझ्या हातातल्या या काचेच्या बरणीत तळ्याच्या तळाचा गाळ आहे, आज पहाटे काढलेला. झाकण उघडतो. पुढच्या रांगेपर्यंत सडक्या अंड्यासारखा वास आला असेल, तो हायड्रोजन सल्फाइडचा. आता बाजूने बघा. वर बोटाच्या पेराएवढाही नाही असा तपकिरी थर, आणि खाली सगळं काळं. तपकिरी थराला ऑक्सिजन मिळतो, काळ्याला मिळत नाही. माशांचं तळं साफ ठेवायला पाकिटातून, बाटलीतून विकल्या जाणाऱ्या जिवाणू आणि एन्झाइमबद्दल मला जे सांगायचंय, ते या दोन रंगांच्या मधल्या रेषेपाशी आहे.

आपण खाद्य टाकतो. त्यातल्या नायट्रोजनचा साधारण पाव ते एक तृतीयांश हिस्सा माशाच्या अंगी लागतो, उरलेला पाण्यात जातो. त्यातला बराचसा मासा कल्ल्यांमधूनच अमोनिया म्हणून सोडतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे नितळ पाणी म्हणजे चांगलं पाणी, हे मनातून काढून टाका. शिवाय अमोनिया किती जाचणार हे सामूवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे (पीएच) यावर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल, तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो आणि ९ ला एक तृतीयांशाच्या वर. शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात दुपारी सामू ९ गाठू शकतो. सकाळी मोजून निश्चिंत होणाऱ्यांनी एकदा दुपारी तीनला मोजून बघावं.

हा अमोनिया निस्तरणारे जिवाणू तळ्यात आधीपासून असतात. नायट्रोसोमोनाससारखे काही त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरासारखे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. मधलं नायट्राइट वाईट. ते माशाच्या रक्तात शिरलं की रक्त तपकिरी पडतं, ऑक्सिजन वाहून नेत नाही, आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. हे जिवाणू दगडाला, गाळाला, फिल्टरच्या स्पंजला चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. दुप्पट व्हायला बरेच तास, कधी दिवससुद्धा लागतो. म्हणून नवा फिल्टर नीट काम करू लागायला चार-सहा आठवडे जातात. त्यांची भूकही मोठी आहे. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सातेक ग्रॅम खर्ची पडते.

आता पाकिटातली पावडर. तिच्यात बहुतेक वेळा बॅसिलस जातीचे जिवाणू असतात, कारण ते बीजाणू करतात आणि कोरडे पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात. सेंद्रिय गाळ खाणं हे त्यांचं खरं काम. अमोनियाचं नायट्रेट करणारे बीजाणू करत नाहीत, तेव्हा कोरड्या पावडरीवर तसा दावा छापलेला असेल तर जरा थांबून विचारा.

आणि एन्झाइम? जिवाणूला तोंड नसतं. तो एन्झाइम बाहेर सोडतो, प्रथिनं आणि पिष्ट तिथेच फोडतो आणि मग विरघळलेलं आत ओढतो. बाटलीतला एन्झाइम तेवढं फोडण्याचं काम करून देतो. तो सजीव नाही, वाढत नाही, आणि पुढचं खाणारं कोणी नसेल तर तळाचा गाळ पाण्यात विरघळून बसतो, इतकंच. प्रथिनं फुटली की शेवटी अमोनियाच सुटतो. म्हणून मात्रा दिल्यावर अमोनिया थोडा चढला तर घाबरू नका, पण खाद्य कमी करा.

माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, नसलेल्या तळ्यात मी संध्याकाळी दुप्पट मात्रा टाकली. रात्री शेवाळ ऑक्सिजन देत नाही, उलट घेतं, आणि माझे जिवाणूही गाळावर तुटून पडलेले. पहाटे सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. त्यातले बरेच गेले. तेव्हापासून मात्रा नेहमी उन्हं वर आल्यावर, आणि एरेटर चालू असतानाच.

अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात तळ्यांच्या पाण्याचे अभ्यासक क्लॉड बॉइड यांनी जिवाणूंच्या अशा मिश्रणांच्या तळ्यांमध्ये चाचण्या घेतल्या. पाण्याच्या मोजमापांत फारसा फरक पडला नाही. मला त्यात नवल वाटत नाही. तळ्यात ऑक्सिजन आणि क्षारता असेल तर लागणारे जिवाणू बहुतेक आपोआप येतात, आणि नसेल तर विकत आणलेलेही उपाशी मरतात.

पुन्हा बरणीकडे बघा. तपकिरी थरात तयार झालेलं नायट्रेट खाली उतरतं. काळ्या थरातले वेगळे जिवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. म्हणून काळा थर सगळा खरवडून काढायची गरज नसते. तो वरपर्यंत आला, तपकिरी थर पुसला गेला, की मात्र गाळ उपसायची वेळ झाली.

आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन एका धुण्यात दीड महिन्याची वाढ मारू शकतं. तळ्याचंच पाणी बादलीत घ्या, त्यात दोनदा पिळा आणि तपकिरी बुळबुळीतपणा तसाच राहू द्या.